फावल्या वेळातले विणकाम

मराठी स्त्रियांच्या मासिकांनी आणि घरगुती उद्योगांच्या पुस्तकांनी विणकामाला एक विशेषण कायमचे चिकटवून टाकले आहे : ‘फावल्या वेळात करण्याजोगे’. ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यात एक विधान दडलेले आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. स्त्रीजवळ फावला वेळ असतो, तो रिकामा जाण्याचा धोका असतो आणि सुया हाती दिल्या की तो सत्कारणी लागतो, असे ते विधान आहे. प्रस्तुत लेखात या विधानाची थोडी ऐतिहासिक तपासणी करायची आहे, आणि ती धाराशिव जिल्ह्यातील कळंबसारख्या तालुक्याच्या गावाच्या बाजूने करायची आहे.

कळंबच का, असे कोणी विचारील. मांजरेकाठचे हे गाव लोकरीच्या कपड्यांसाठी ओळखले जात नाही. इथला उन्हाळा लांब आणि कडक. खरी थंडी मार्गशीर्ष-पौषातली. तरीही बाळंतविड्यातले लोकरीचे टोपडे आणि पायमोजे मराठवाड्यातल्या अशा गावांना परके नाहीत. आणि शाळेतल्या बाईंच्या किंवा दवाखान्यातल्या सिस्टरांच्या पिशवीत डब्याच्या शेजारी असणारा लोकरीचा गुंडाही परका नाही. जिथे हवामानाने विणकामाची मागणी केली नाही, तिथे ते का रुजले, हा प्रश्न म्हणूनच विचारण्याजोगा आहे.

या भागाचे कापडाशी नाते मात्र फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात ‘तगर’ नावाच्या बाजारपेठेतून साधे सुती कापड आणि तलम मलमल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. हे तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलेच आजचे तेर. कापसाच्या जोडीला धनगर-सनगरांची घोंगडी होती : मेंढीची जाड लोकर, हातमागावरची वीण आणि चिंचोक्याची खळ. म्हणजे सूतही होते आणि लोकरही होती. नव्हत्या त्या दोन सुया.

मराठीत ‘विणणे’ हे एकच क्रियापद मागावरचे कापड, बाज, टोपली आणि स्वेटर या सगळ्यांना चालते. भाषेची ही उदारता लोभस असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने ती एक महत्त्वाचा भेद झाकून टाकते. माग जागा अडवतो. तो घरात किंवा पडवीत रोवलेला असतो आणि विणकराला त्याच्यापाशी जावे लागते. त्यावर ताणलेल्या शेकडो उभ्या दोऱ्यांतून आडवा धागा फिरवायचा असतो. सुयांवरच्या विणकामात धागा एकच. त्याचेच फासे एकमेकांत अडकवत जायचे. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधारावर उभा राहतो, म्हणून एक टाका गळला की खालपर्यंत शिडी उसवत जाते. पण याच रचनेमुळे सगळे काम पिशवीत मावते, कोणत्याही ओळीच्या शेवटी थांबवता येते आणि तासाभराने किंवा महिन्याने तिथूनच पुढे चालू करता येते.

ही कला थंड देशांतली, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात सुयांवरच्या विणकामाचे सर्वांत जुने ज्ञात नमुने मध्ययुगीन इजिप्तमधले, म्हणजे उष्ण प्रदेशातले आहेत, आणि त्यांतले बरेचसे सुती आहेत. युरोपात पोचल्यावर काही शतके हा पुरुष कारागिरांच्या संघांचा धंदा होता. १५८९ मध्ये विल्यम ली या इंग्रजाने मोजे विणण्याचे यंत्र बनवले आणि पुढे धंद्याचा मोठा भाग हळूहळू यंत्राकडे गेला. हाताच्या सुयांचे काम गरिबांच्या घरांत चार पैशांसाठी चालूच राहिले. पण मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात त्याला ‘स्त्रीसुलभ’ छंदाची प्रतिष्ठा मिळाली.

एखादे काम स्त्रीसुलभ ठरते कशावरून? १९७० साली ज्युडिथ ब्राउन या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने एका छोट्या टिपणात याचे साधे उत्तर दिले. ज्या समाजात लहान मुले सांभाळणे बाईकडे असते, तिथे तिच्या वाट्याला येणाऱ्या कामांचे काही गुण ठरलेले असतात : ती घराजवळ करता येतात, त्यांत सलग एकाग्रता लागत नाही, मध्येच सोडून पुन्हा धरता येतात आणि मूल जवळ आले तर त्याला इजा होत नाही. एलिझाबेथ वेलँड बार्बर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात वस्त्रकलेचा हजारो वर्षांचा इतिहास याच सूत्रावर मांडला आहे.

हे सूत्र वाचताना मराठी वाचकाला तेरचीच आठवण यावी. गोरोबाकाकांची कथा आपण भक्तीची कथा म्हणून ऐकतो. नामात रंगलेला कुंभार चिखल तुडवतो आहे, रांगते मूल त्या चिखलात येते आणि त्याला कळतही नाही. कथेचा भक्तिपर अर्थ आहे तसा राहू द्यावा. पण कामाच्या इतिहासासाठी तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. देहभान हरपण्याइतकी तल्लीनता ज्या कामात शक्य आहे, ते काम मुलाजवळ करता येत नाही. ही तल्लीनता गोरोबांना उपलब्ध होती, कारण मुलाकडे लक्ष ठेवणे त्यांच्या वाट्याचे नव्हते. पाणी भरायला गेलेल्या त्यांच्या पत्नीला मात्र मूल कोणाच्या तरी भरवशावर टाकूनच जावे लागले होते. विणकाम हे या कथेच्या अगदी उलट टोकाचे काम आहे. त्यात कान दाराकडे, डोळे मुलाकडे आणि दुधाकडे ठेवता येतात.

महाराष्ट्रात सुया आल्या त्या बव्हंशी शाळांच्या वाटेने. एकोणिसाव्या शतकातल्या मिशनरी शाळांत मुलींना वाचन-लेखनाबरोबर शिवण-टिपण शिकवले जाई. पुण्यात १८८४ साली मुलींचे हायस्कूल, म्हणजे हुजूरपागा, सुरू झाले आणि तिथल्या अभ्यासक्रमावरून वृत्तपत्रांत वाद पेटला. इंग्रजीसारखे विषय मुलींना कशाला, त्यांना घरसंसाराला उपयोगी असे शिक्षण द्यावे, असे विरोधकांचे म्हणणे होते. सुई या वादात बिनविरोध निवडून आली. सुधारकांना ती स्वावलंबनाचे साधन वाटली, सनातन्यांना मर्यादेचे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० च्या आत्मचरित्रात घरातल्या बायकांनी त्यांच्या वाचनाला केलेल्या विरोधाची हकिगत आहे. हातात पुस्तक घेऊन बसलेली सून डोळ्यांत खुपे. हातात टाके घेऊन बसलेली सून सहसा खुपत नसे. दोघीही बसलेल्याच, पण एकीचे बसणे काहीतरी तयार करते, असे दिसत असे. १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनाने शिवणकामासारख्या हस्तकलांना परिचारिका आणि शिक्षिका यांच्या प्रशिक्षणाच्या शेजारी आणून बसवले. नोकरी आणि सुई यांची मराठी गाठ पडली ती इथे.

पुढे १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघाले आणि त्यानंतरच्या दशकांत स्त्रियांच्या नियतकालिकांतून कथा, पाककृती आणि विणकामाचे नमुने एकमेकांना खेटून छापले जाऊ लागले. साहित्याच्या अभ्यासकांनी या नमुन्यांच्या गद्याकडे एकदा पाहायला हरकत नाही. टाके घालावेत, एक सुलट एक उलट विणावे, दोन टाक्यांचा एक करावा : हा विध्यर्थ पाककृतीचा आहे आणि व्रतांच्या विधीचाही. करणारी कोण, हे त्यात सांगावे लागत नाही. तिला किती वेळ मिळेल, याची तर चौकशीच नसते.

आता कळंबकडे परत येऊ. हैदराबाद संस्थानात माध्यमिक आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठवाड्यात मुलींच्या शाळा विरळ होत्या. पुण्यात हुजूरपागेवरून वाद झाला त्या काळात इथे वाद घालण्यासाठी शाळाच नव्हती, असे म्हटले तरी चालेल. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. खेडोपाडी शाळा निघाल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे निघाली. १९७५ पासून टप्प्याटप्प्याने अंगणवाड्या आल्या. पुण्याला जे सत्तर-ऐंशी वर्षांत घडले, ते इथे दोन पिढ्यांत उरकले. पगारी नोकरी करणारी बाई ही तालुक्याच्या गावात नित्याची गोष्ट झाली.

तिचा दिवस कसा असतो, हे मराठवाड्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. बिऱ्हाड कळंबला आणि शाळा शिराढोण, ईटकूर, मोहा किंवा खामसवाडीच्या बाजूला. त्याला सगळे ‘अप-डाऊन’ म्हणतात. पहाटे पाणी, मग डबे, मग स्टँड. एसटी वेळेवर आली तर शाळा, उशिरा आली तर मुख्याध्यापकांचा चेहरा. संध्याकाळी तोच प्रवास उलटा, आणि घरी पोचल्यावर तिसरी पाळी. या दिवसात वेळ आहे, पण तो चिंध्यांसारखा आहे : स्टँडवर वीस मिनिटे, गाडीत अर्धा तास, मधल्या सुट्टीत दहा मिनिटे, दवाखान्याच्या रांगेत तासभर. पुस्तक वाचायला हे तुकडे अपुरे, झोपायला गैरसोयीचे. सुयांना मात्र एवढा वेळ पुरतो. जाणत्या विणणाऱ्या त्यातही विभागणी करतात. सरळ, न मोजता हाताला येणारी वीण गाडीत आणि स्टँडवर. नमुन्याची, टाके मोजण्याची ओळ रात्री, घर निजल्यावर. मुंबईच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात भाजी निवडणे आणि विणणे चालते, त्यामागेही हेच गणित आहे. थोडक्यात, विणकामाला फावला वेळ लागतो ही समजूतच चुकीची आहे; ज्यांच्याजवळ तो नाही, त्यांचे ते काम आहे.

याच टप्प्यावर विणणाऱ्या बाईची थट्टा सुरू झाली. कचेरीतल्या बायका स्वेटर विणत बसतात, हे वाक्य विनोदी लेखांत, व्यंगचित्रांत आणि चहाच्या टपरीवर इतक्यांदा आले आहे की त्याची म्हण व्हायची तेवढी राहिली. या थट्टेत तथ्यांश नाही असे नाही. खिडकीबाहेर उताऱ्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला आतले टाके दिसत असतील, तर त्याचा राग रास्तच आहे. तो वेळ त्याचा आहे. पण त्याच कचेरीतले पुरुष चहा-तंबाखूला म्हणून अर्धा-अर्धा तास उठून जात, त्याचे असे वाक्य बनले नाही. टपरीवर गेलेला वेळ मागे काही ठेवत नाही. स्वेटर पुरावा म्हणून उरतो, आणि पुराव्यावरूनच आरोप होतो. बाईने तेच विणकाम घरी केले तर सुगृहिणी आणि टेबलाशी केले तर कामचुकार, असा हा न्याय आहे. तिच्या वेळेवर तिचा हक्क मात्र दोन्ही ठिकाणी मानलेला नाही.

‘फावला वेळ’ या शब्दाची दुसरी बाजू याहून कठोर आहे. मारिया मीस यांनी १९८२ साली आंध्रातील नरसापूरच्या लेस विणणाऱ्या स्त्रियांवर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या बायका क्रोशाच्या सुईवर दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास काम करत. माल परदेशी जाई. व्यापारी श्रीमंत होत. बायकांना मिळणारी मजुरी अत्यल्प होती, कारण त्या कामगार नसून फावल्या वेळात विणणाऱ्या गृहिणी आहेत, असे सर्वांनी धरलेले होते. त्या बायकांनीही ते बऱ्याच अंशी मान्य केले होते. एका विशेषणाने मजुरी कशी खाली आणता येते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८. या आकड्यांत फावला वेळ कुठे बसवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाश्चात्त्य कादंबरीने विणणाऱ्या बाईकडे अधिक लक्षपूर्वक पाहिले आहे. डिकन्सची मादाम दफार्ज (१८५९) आपल्या विणकामात शत्रूंची नावे नोंदवून ठेवते. विणणे म्हणजे तिच्यासाठी लिहिणे. व्हर्जिनिया वुल्फच्या ‘टू द लाइटहाउस’मधली (१९२७) मिसेस रॅम्झी दीपगृहावरच्या मुलासाठी मोजा विणते, तो स्वतःच्या मुलाच्या पायाला लावून पाहते, आणि त्या मोजमापाच्या एवढ्याशा अवधीत वुल्फ तिचे अख्खे मन उलगडते. हात गुंतलेले आणि मन मोकळे, ही अवस्था वुल्फने अचूक ओळखली होती. मराठीने ती अवस्था जात्यावर ओळखली. दळणाच्या ओव्यांचा एवढा मोठा ठेवा त्यातूनच जमला. विणकामाच्या ओव्या मात्र झाल्या नाहीत. जात्यापाशी पहाटेचा एकांत होता, किंवा समोर खुंटा धरणारी दुसरी बाई होती. सुया चालल्या त्या गर्दीत, स्टँडवर आणि स्टाफरूममध्ये, जिथे गाता येत नाही.

म्हणून या कामाचे दप्तर फार थोडे उरले आहे. स्वेटरवर सही नसते. थोरल्याला लहान झालेला स्वेटर उसवला जाई, लोकर धुऊन, वळ्या जाण्यासाठी ओझे बांधून वाळवली जाई आणि धाकट्यासाठी नव्याने विणली जाई. काटकसरीने पुरावाच पुसला. आता लुधियानाचे तयार स्वेटर आठवडी बाजारात स्वस्त मिळतात आणि स्टँडवरची वीस मिनिटे मोबाइलने घेतली आहेत. विणणाऱ्या आहेत, पण थोड्या, आणि नवा नमुना मोबाइलवरच पाहून शिकणाऱ्या. जुन्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांबरोबर एखादे टोपडे उरले असेल, तर ते नुसते मायेची खूण म्हणून पाहू नये. त्याच्या ओळी मोजता येतात, आणि एक ओळ विणायला किती वेळ लागतो हेही विणणाऱ्या कोणालाही सांगता येते. दोहोंचा गुणाकार केला, की एका नोकरदार बाईने कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या वेळातून किती तास बाजूला काढले, याचा हिशेब मिळतो.