न दिसणारी दुखापत

झाशीचे नाव निघताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नेवाळकरांचा किल्ला उभा राहतो. परंतु या नगरीला दुसराही एक इतिहास आहे, आणि तो लोहमार्गाचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, आणि त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला झाशीचे गंगाधरराव निवर्तले. पुढे राज्य खालसा झाले, सत्तावन्नचा वणवा पेटला आणि शमला. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी इंडियन मिडलँड रेल्वेचे रूळ झाशीस पोहोचले. १८९५ मध्ये तेथे वाघिणींचा कारखाना निघाला आणि लवकरच झाशी हे उत्तर हिंदुस्थानातील एक मोठे जंक्शन झाले.

आगगाडीने माणसाला गती दिली. त्या गतीबरोबर हिसकाही आला. मान दुखणे हे काही नवे नव्हे. सुश्रुतसंहितेत ‘मन्यास्तंभ’ वर्णिलेला असून दिवसा झोपणे, अवघडून बसणे, वर पाहत राहणे अशी त्याची कारणे सांगितली आहेत. परंतु अंगावर जखम नाही, हाड मोडलेले नाही, आणि एका क्षणाच्या हिसक्यानंतर दुखणे मात्र महिनोन्महिने हटत नाही, ही तक्रार वैद्यकापुढे मोठ्या प्रमाणावर आली ती आगगाडीच्या अपघातांमुळेच.

१८६६ मध्ये लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिक एरिक्सन यांनी या विषयावर व्याख्याने प्रसिद्ध केली. लोहचुंबकावर हातोडा मारला तर त्याचे रूप पालटत नाही, पण त्याची आकर्षणशक्ती नाहीशी होते. धक्क्याने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचेही तसेच होते, असा त्यांचा दृष्टांत होता. या विकाराला ‘रेल्वे स्पाइन’ हे नाव रूढ झाले आणि नुकसानभरपाईचे दावे न्यायालयात उभे राहू लागले. १८८३ मध्ये हर्बर्ट पेज यांनी याचा प्रतिवाद केला. मज्जारज्जूला काही झालेले नसते. स्नायू आणि अस्थिबंध ताणलेले असतात, आणि बाकीचा पुष्कळसा भाग भीतीचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पेज हे एका रेल्वे कंपनीचे शल्यचिकित्सक होते, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. अशा रीतीने दुखणाऱ्या माणसाची परीक्षा होण्याऐवजी त्याच्या सचोटीचीच परीक्षा सुरू झाली.

झाशीचा कारखाना निघाला त्याच १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला. आता हाड प्रत्यक्ष दिसू लागले. मात्र त्यातून एक नवा गैरसमजही जन्मास आला: चित्रात जे नाही, ते शरीरातही नाही! पुढे मोटारी आल्या. १९२८ मध्ये अमेरिकेतील हॅरोल्ड क्रो यांनी मानेच्या या हिसक्याला चाबकाच्या फटकाऱ्याची उपमा दिली, आणि ‘व्हिपलॅश’ हा शब्द रूढ झाला. त्यांना गतीचे वर्णन करावयाचे होते. लोकांनी तेच रोगाचे नाव मानले.

मागून धक्का बसला की बैठकीबरोबर धड पुढे ढकलले जाते, आणि साडेचार-पाच किलो वजनाचे मस्तक जडत्वामुळे क्षणभर जागीच राहते. त्या निमिषार्धात मानेचा खालचा भाग मागे व वरचा भाग पुढे वाकतो, आणि मणक्यांच्या मागील बाजूचे छोटे सांधे ताणले जातात. वेदना कित्येकदा काही तासांनी, किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होते. म्हणूनच ‘तेव्हा तर काही झाले नव्हते’ हा आक्षेप टिकत नाही.

१९९० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात निकोलाय बोगडुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सांध्यांच्या मज्जातंतूंना तात्पुरती बधिरता आणून पाहिली. जुनाट दुखणे असलेल्या अनेक रोग्यांची वेदना तेवढ्यापुरती थांबली. चित्रात न दिसणाऱ्या दुखण्याला शरीरात जागा होती, हे सिद्ध झाले. याउलट, जेथे भरपाईच्या दाव्यांची रीत नव्हती त्या लिथुआनियात अपघातग्रस्तांना इतरांहून अधिक दीर्घकालीन मानदुखी आढळली नाही, असे १९९६ च्या एका पाहणीत दिसले. त्या पाहणीवर आक्षेपही घेतले गेले. तथापि भीती, अपेक्षा आणि भोवतालची परिस्थिती यांचा वेदनेच्या कालावधीवर परिणाम होतो, हे आता मान्य आहे. परिणाम होणे म्हणजे ढोंग नव्हे.

१९९५ मध्ये कॅनडातील क्वेबेकच्या तज्ज्ञमंडळाने या दुखापतीच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीत केवळ वेदना व ताठरपणा असतो. दुसऱ्या पायरीत मान नीट वळत नाही किंवा ठरावीक जागी दाबल्यास दुखते. तिसरीत मज्जातंतूंची लक्षणे दिसतात, आणि चौथीत हाड मोडलेले किंवा सांधा निखळलेला असतो. म्हणून निदानाचा क्रमही ठरला: अपघात कसा झाला ते ऐकावे, हातापायांना मुंग्या किंवा दुर्बलता आहे का ते पाहावे, मान चाचपावी, आणि शंका असेल तरच छायाचित्र काढावे. हाड सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर मान पट्ट्यात दीर्घकाळ जखडण्यापेक्षा ती हळूहळू हलवणे हितकर, असे आजचे वैद्यक मानते. तरीही कित्येकांना वर्षानंतरही काही ना काही त्रास उरतो.

आज श्रीनगर-कन्याकुमारी आणि सिलचर-पोरबंदर हे देशव्यापी महामार्ग झाशीपाशीच एकमेकांना छेदतात. रुळांवरचा हिसका आता रस्त्यावर आला आहे. मागून धक्का खाल्लेला एखादा मालमोटारचालक दुसऱ्या दिवशी मान धरून वैद्यापुढे बसतो, तेव्हा दीडशे वर्षांपूर्वीचा तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. छायाचित्र निर्दोष असणे ही रोग्यासाठी आनंदाची वार्ता होय. ती त्याच्या विरुद्धची साक्ष नव्हे.