विद्युत मोटारीने लांबचा प्रवास : भंडाऱ्याहून निघण्यापूर्वीचा हिशेब

भंडारा : पेट्रोलवर चालणारी मोटार घेऊन निघणाऱ्यास वाटेतील पंपाची चिंता सहसा करावी लागत नाही. विद्युत मोटारीचे तसे नाही. चार्जिंग केंद्र नकाशावर असले तरी ते बंद असू शकते, तेथे आधीच रांग असू शकते किंवा वीजपुरवठा खंडित झालेला असू शकतो. त्यामुळे ‘पुढचे केंद्र किती दूर’ एवढेच पाहून भागत नाही. ‘ते बंद निघाल्यास त्यापुढील केंद्रापर्यंत पोहोचता येईल काय’, या प्रश्नाचे उत्तर निघण्यापूर्वीच हाती असावे.

कागदावरचा आणि रस्त्यावरचा पल्ला

कंपनीने जाहीर केलेला पल्ला प्रयोगशाळेतील चाचणीवर आधारित असतो. महामार्गावर तो कमी भरतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवल्यास हा विरोध दीडपटीहून अधिक होतो. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा वातानुकूलन यंत्रणाही बॅटरीवर भार टाकते आणि तापलेली बॅटरी जलद चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करते.

उदाहरणादाखल ४० युनिट (किलोवॅट-तास) क्षमतेची बॅटरी घेऊ. महामार्गावर एका युनिटमध्ये ६ किलोमीटर अंतर धरल्यास पूर्ण पल्ला २४० किलोमीटर होतो. त्यातील २० टक्के राखीव ठेवल्यास नियोजनासाठी सुमारे १९० किलोमीटरच उरतात.

पूर्वेकडे : रायपूर

राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ ने लाखनी, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग या मार्गे रायपूर भंडाऱ्यापासून सुमारे २३० किलोमीटर आहे. म्हणजे वरील मोटारीस एक थांबा आवश्यक ठरतो. साकोली जेमतेम ४० किलोमीटरवर असल्याने बॅटरी जवळपास भरलेलीच असते. तेथे थांबून फारसे साधत नाही. राजनांदगावला पोहोचेपर्यंत मात्र सुमारे ३५ टक्के शिल्लक राहते. तेथील केंद्र बंद असले तरी सुमारे ३० किलोमीटरवरील दुर्ग गाठता येते. थांबा निवडताना हेच सूत्र पाळावे. देवरीच्या पुढे सीमाभागात मार्ग जंगलातून जातो. हा टप्पा कमी चार्जवर, विशेषतः रात्री, पार करू नये.

साकोलीहून नागझिऱ्याकडे वळणाऱ्यांनी परतीचे अंतरही आधीच जमेस धरावे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात जलद चार्जिंगच्या भरवशावर राहणे शहाणपणाचे नाही.

पश्चिमेकडे : समृद्धी महामार्ग

नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. भंडाऱ्याहून येणाऱ्यास नागपूर ओलांडून त्याच्या प्रारंभापर्यंत सुमारे ७५ किलोमीटर जावे लागते. साहजिकच समृद्धीवर चढताना बॅटरी भरलेली नसते. म्हणून नागपुरातच ती भरून घेणे सोयीचे. या मार्गावरून कोठेही उतरता येत नाही. ठरावीक ठिकाणीच बाहेर पडता येते. शहरातील केंद्र गाठण्यासाठी वळसाही पडतो. मोटारींसाठी कमाल वेग ताशी १२० किलोमीटर असला तरी तो गाठल्यास थांबे वाढतात. ताशी १०० च्या आत राहूनही ४० युनिटच्या मोटारीस चार ते पाच थांबे धरावेत. ३० किलोवॅटच्या चार्जरवर २० ते ८० टक्के चार्जिंगला साधारण पाऊण ते एक तास लागतो. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, म्हणून वाटेत पूर्ण भरण्याचा आग्रह धरू नये.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग व अटल सेतूवर विद्युत मोटारींना पथकरमाफी देण्यात आली आहे. तरीही फास्टॅगमध्ये रक्कम ठेवावी.

रात्रीचा मुक्काम

सर्वांत सोपे चार्जिंग मुक्कामी होते. १५ अँपिअरच्या सॉकेटवर ताशी सुमारे ३ युनिट वीज मिळते. दहा तासांत ३० युनिट. खोली राखून ठेवतानाच लॉजचालकाची परवानगी घ्यावी व अर्थिंग योग्य असल्याची खात्री करावी. साधी एक्स्टेन्शन वायर वापरू नये. ती तापून आग लागण्याचा धोका असतो.

निघण्यापूर्वी

महामार्गाच्या दोन्ही बाजूंस दर २५ किलोमीटरवर एक केंद्र असावे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत नमूद होते. प्रवाशाने मात्र प्रत्यक्ष स्थितीवरच विसंबावे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ‘ईव्ही यात्रा’ ॲपवर केंद्रे शोधता येतात. त्यानंतर केंद्रचालकाला दूरध्वनी करून चार्जर सुरू असल्याची खात्री करून घ्यावी. त्या केंद्राचा प्लग आपल्या मोटारीस जुळतो काय, हेही विचारावे. मार्गात लागणाऱ्या कंपन्यांची ॲप घरीच उतरवून त्यांत पैसे भरून ठेवावेत. जंगलपट्ट्यात मोबाइलला रेंज मिळेलच, असे नाही.