रणगाडे आले, पण नाव 'पोलीस ॲक्शन'

१७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात. पण आपल्याकडची जुनी माणसं त्या दिवसाला मुक्तिदिन म्हणायची नाहीत. ती म्हणायची 'पोलीस ॲक्शन'. वय सांगतानासुद्धा "ॲक्शनच्या साली मी एवढा होतो" असंच. आज या नावाबद्दल थोडं लिहितो.

औट्रम घाट उतरला की चाळीसगाव. तो मुंबई इलाखा, म्हणून १५ ऑगस्ट १९४७ ला तिथं तिरंगा लागला. घाटावरचं कन्नड, पिशोर मात्र निजामाकडेच राहिलं. निजामाने २९ नोव्हेंबरला भारताशी वर्षभराचा 'जैसे थे' करार केला, पण तो वर्षही टिकला नाही. लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. कितीतरी कुटुंबं घरदार सोडून हद्दीपार गेली.

७ सप्टेंबर १९४८ ला नेहरूंनी दिल्लीत निवेदन केलं: रझाकार संघटना मोडा, सिकंदराबादेत भारतीय फौज परत येऊ द्या. हे निवेदन झालं संविधान सभेत. तेव्हा देशाचं कायदेमंडळही तीच होती. पण चढाई करायची की नाही, यावर सभागृहात मतदान झालं नाही. ते मंत्रिमंडळानं ठरवलं. १३ तारखेला पहाटे फौजा घुसल्या. जनरल चौधरींची तुकडी सोलापूरकडून आली, आपल्या औरंगाबादच्या बाजूला मेजर जनरल ब्रार यांची. सोबत रणगाडे आणि विमानं. १७ ला निजाम शरण आला.

आता सांगा, रणगाडे घेऊन पोलीस कुठं जातात का?

नाव मुद्दाम तसं दिलं होतं, आणि त्याला कारणही होतं. युद्ध म्हटलं की हैदराबाद वेगळा देश ठरतो. निजामाने तर ऑगस्टमध्येच संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत तक्रार नेली होती. हा आमचा अंतर्गत मामला, असं भारताला सांगायचं होतं. माझ्या मते निर्णय बरोबरच होता. आणखी सहा महिने थांबलो असतो तर मराठवाड्यानं काय काय सोसलं असतं कोण जाणे. पण युद्धाची चर्चा सभागृहात जाते, पोलीस बंदोबस्ताची कशाला जाईल? शिवाय त्या सभागृहात हैदराबाद संस्थानातला एकही सदस्य नव्हता. जिथं रणगाडे जाणार, तिथलंच कोणी नाही.

तुम्ही म्हणाल, तेव्हा संविधान कुठं होतं? बरोबर. पण पुढे आलं, त्यातही युद्ध पुकारण्याआधी संसदेची मंजुरी घ्या असं कलम नाही. कलम ५३ प्रमाणे सैन्याचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे, आणि ते चालतात मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. संघसूचीत 'युद्ध आणि शांतता' हा विषय आहे, म्हणजे त्यावर संसद कायदा करू शकते. पैसाही तिच्याच मंजुरीने. बाकी, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार, एवढाच लगाम. अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, पण १९४२ नंतर तिनं तो एकदाही वापरलेला नाही, आणि तरी कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं झालं. कोरियालाही ट्रूमननी 'पोलीस ॲक्शन'च म्हटलं होतं!

म्हणून खरा प्रश्न नंतरच्या हिशोबाचा. १९६२ ला चीनचा हल्ला झाला, तेव्हा लढाई चालू असतानाच ८ नोव्हेंबरला संसद बसली. नेहरूंना समोर बसून टीका ऐकावी लागली. कृष्ण मेनन गेले आणि आपले यशवंतराव संरक्षणमंत्री झाले. हा हिशोब सर्वांसमोर झाला.

आपल्या ॲक्शनचा तसा झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सगळ्यांना माहीत आहेत, सांगितलेही जातात. पण फौजा आल्यानंतरच्या दिवसांत खेड्यापाड्यांतल्या मुसलमानांची कत्तल झाली, ते भाषणात येत नाही. नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार वगैरे मंडळी फिरून गेली. त्यांचा अंदाज २७ ते ४० हजार मृतांचा. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातले उस्मानाबाद आणि नांदेड. आकड्यावर वाद आहे, असू द्या. पण हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे, आणि सरकारने तो कधी छापलाच नाही. दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो लोकांना बघायला मिळाला २०१३ च्या सुमारास. म्हणजे ॲक्शनच्या साली जन्मलेला माणूस तोवर पासष्टीचा झाला होता.