धूर विकत घेताना

आमच्या घरातला एक वाद आज सांगणार आहे. वाद तसा साधा होता. अंगणात कोणती शेगडी आणायची, एवढाच.

२०१७ च्या मे महिन्यात मी आणि सौ. मुलाकडे अमेरिकेत, शिकागोजवळच्या एका उपनगरात राहायला गेलो होतो. त्यानं नुकतंच घर घेतलं होतं. मागे ऐसपैस अंगण होतं, आणि तिथल्या रीतीप्रमाणे अंगण आलं की ग्रिल आलीच. ग्रिल म्हणजे उघड्यावर मांस, मासे, कणसं, भाज्या भाजायची शेगडी. मी ३१ वर्षं आयटीआयमध्ये पत्रेकाम शिकवलं, म्हणून मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्हीच पारखून द्या."

दुकानात गेलो तर ट्रॅक्टरच्या शोरूमसारख्या रांगा लागलेल्या. कोळशाच्या गोल, झाकणाच्या. गॅसच्या, चार-चार बर्नरवाल्या. चिनी मातीच्या, अंड्याच्या आकाराच्या. विजेच्या पिनेवर चालणाऱ्या, आत लाकडी भुश्शाच्या गोळ्या जाळणाऱ्या. आणि रांगेच्या टोकाला चाकांवर उभा असलेला एक लांबलचक काळा लोखंडी नळा, त्याच्या एका बाजूला जाळाची पेटी, दुसऱ्या बाजूला धुराडं. त्याला स्मोकर म्हणतात. पेटीत ओंडके जाळायचे आणि नळ्यात बारा-बारा तास मांस धुरावर शिजू द्यायचं. मुलाची नजर त्याच्यावरच होती.

सौ. इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "अरे, तुझी आजी धुरापायी गेली. त्या धुरातून सुटायला आम्हाला गॅससाठी सहा वर्षं नंबर लावून बसावं लागलं. आणि तू पैसे मोजून धूर घरी आणणार?"

त्या दिवशी कुणीच काही घेतलं नाही. गाडीतही कुणी बोललं नाही.

ती म्हणाली त्यात खोटं काही नव्हतं. वाई तालुक्यातल्या आमच्या घराच्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता. पावसाळ्यात लाकडं ओली. आई फुंकणीनं फुंकायची, डोळे पदराला पुसायची आणि पुन्हा फुंकायची. उतारवयात दमा लागला. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "आजी, विडी ओढता का?" तिला त्याचा इतका राग आला, की पुढे महिनाभर ती औषध घ्यायला तयार नव्हती. सौ. १९७२ साली लग्न होऊन आली आणि त्याच चुलीपुढे बसली.

मग मी त्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसलो. वस्तू घेण्याआधी ती कुणी आणि कशासाठी घडवली हे पाहायचं, ही माझी जुनी खोड. दोन दिवसांत उरकेल असं वाटलं होतं. महिना गेला.

बार्बेक्यू हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. ते काटक्यांच्या उंच माचेला बार्बाकोआ म्हणत. स्पॅनिश लोकांनी शब्द उचलला. माच कशी असे याची चांगली कल्पना एका इंग्रजाच्या चित्रावरून येते. जॉन व्हाइट नावाचा चित्रकार १५८५ मध्ये आजच्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर गेला होता. तिथल्या मूळ रहिवाशांचं मासे भाजणं त्यानं चितारलं आणि १५९० मध्ये थिओडोर द ब्री यानं त्यावरून छापील चित्र केलं. चार खुंट, वर काटक्यांची जाळी, जाळीवर मासे, खाली जाळ. जाळापासून अन्न किती लांब ठेवायचं, हीच त्यातली सगळी अक्कल. पुढच्या सव्वाचारशे वर्षांतली प्रत्येक ग्रिल याच एका प्रश्नाचं वेगवेगळं उत्तर आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेत या माचेची जागा चरानं घेतली. जमिनीत लांब चर खणायचा. बाजूला हिकरी किंवा ओकची लाकडं वेगळी पेटवायची, त्यांचे निखारे फावड्यानं चरात पसरायचे आणि वर आख्खी डुकरं, मेंढरं रात्रभर भाजायची. निवडणुकीच्या सभा, ४ जुलैचा स्वातंत्र्यदिन, मळेवाल्यांच्या मेजवान्या, सगळीकडे हेच जेवण. आणि ते रांधणारे बहुतेक काळे गुलाम. १९३० च्या दशकात सरकारनं गुलामीत जन्मलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या. त्यांत साउथ कॅरोलिनाच्या वेस्ली जोन्स यांची आठवण आहे. मेजवानीच्या आदल्या रात्री ते रात्रभर जागे राहून मांसाला रस लावत. व्हिनेगर, मिरी, लोणी, कांदा, लसूण, असं काय काय त्या रसात असे, हे त्या म्हाताऱ्याला इतक्या वर्षांनी पाठ होतं. किती लोक जेवले, कोण पुढारी बोलला, हे वर्तमानपत्रांत येई. चराशेजारी कोण जागलं हे क्वचितच येई.

१८६५ नंतर गुलामी गेली, हात तेच राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅन्सस सिटीत हेन्री पेरी हा काळा स्वयंपाकी भाजलेलं मांस विकू लागला. त्या शहराच्या बार्बेक्यूची सुरुवात त्याच्यापासून मोजतात. दुकानातला तो लांब काळा नळा म्हणजे खरं तर हाच चर, जमिनीवर आणलेला. टेक्सासमध्ये तेलविहिरींचे जाड पाइप मुबलक, वेल्डर त्याहून मुबलक. कुणीतरी पाइप कापला, बाजूला पेटी जोडली आणि जाळ एकीकडे, अन्न दुसरीकडे असा सोपा बेत जमवला. मी हे वाचलं आणि हसू आलं. आपल्या चुलीला बाजूचा वैल असतो, तोच हा! चुलीतला जाळ मुख्य भांड्याला, आणि बाजूला सरकणाऱ्या धगीवर वैलावरची आमटी हळूहळू रटरटत राहायची. फरक इतकाच की वैलावर धूर चुकवायचा असतो आणि इथे तो मुद्दाम अन्नावरून न्यायचा.

असं आडून शिजवायचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. गाईच्या छातीचा भाग, ज्याला तिथे ब्रिस्केट म्हणतात, तो चिवट असतो. जाळावर धरला तर चामडं होतो. ११० अंश सेल्सियसच्या आसपास दहा-बारा तास ठेवला, तर त्यातला चिवट तंतू विरघळून मऊ होतो. हलक्या, स्वस्त मांसाला वेळ देऊन खाण्याजोगं करायचं, ही गरिबाची युक्ती. आज त्याच मांसासाठी लोक तासभर रांगेत उभे राहतात.

आता कोळसा. लाकूड सोडून कोळशाकडे शहरी माणूस वळला त्याला एक मोटारवाला कारण झाला. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाडीत बरंच लाकूड लागे. मिशिगनमधल्या आयर्न माउंटन इथे त्यानं लाकडाची गिरणी काढली आणि तुकडे, भुसा यांचे ढीग साचू लागले. वाया जाणं फोर्डला खपत नसे. १९२० च्या दशकात तिथे त्या कचऱ्याचा कोळसा करून, पिष्टाच्या चिकीत मळून, उशीसारख्या वड्या पाडणं सुरू झालं. वडीची कल्पना त्याची नव्हती. एल्सवर्थ झ्वॉयर यानं १८९७ मध्येच तिचं पेटंट घेतलं होतं. पण फोर्डच्या मोटारींच्या दुकानांतून कोळशाच्या वड्या विकल्या जाऊ लागल्या. गिरणीची जागा शोधून देणारे फोर्डचे नातलग किंग्सफर्ड. १९५१ मध्ये धंदा विकला गेल्यावर वडीला त्यांचं नाव मिळालं. ते आजही पोत्यांवर आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरं वाढली, प्रत्येक घरामागे अंगण आलं. तेव्हाची ग्रिल म्हणजे उघडं घमेलं आणि वर जाळी. वारा आला की राख अन्नावर, चरबी ठिबकली की भडका, पाऊस आला की सगळंच संपलं. शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाचा माणूस काम करी. घरी बारा मुलं, त्यामुळे भाजायला भरपूर. त्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे खुणेचे बोये बनत, पोकळ लोखंडी गोळे. १९५२ मध्ये स्टीफननं बोयाचा एक अर्धगोल खाली घेतला, त्याला तीन पाय लावले, दुसरा अर्धगोल झाकण म्हणून वर ठेवला. पहिल्यांदा झाकण लावताच निखारे विझले, आणि वर भोकं पाड असं शेजाऱ्यानं सुचवलं, असं सांगतात. पुढे रशियाचा उपग्रह उडाल्यावर लोक त्या शेगडीला स्पुटनिक म्हणू लागले.

इथे माझ्यातला मास्तर जागा होतो. पत्र्याचा डबा कुणीही करील. वाडगा करायला दाबयंत्र आणि साचा लागतो, नाहीतर हातोडीनं ठोकून पोरांचे खांदे जातात. स्टीफनला तो वाडगा आयता मिळाला. पण खरी हुशारी आकारात नाही, झाकणात आहे. झाकण लावलं की आत हवा जाते ती फक्त खालच्या तोंडातून आणि बाहेर पडते वरच्या भोकांतून. दोन्ही तोंडं आपल्या हातात, म्हणजे जाळ आपल्या हातात. ठिबकणारी चरबी भडकत नाही. निखारे एका कडेला लोटले, अन्न दुसऱ्या कडेला ठेवलं आणि तोंडं बारीक केली, की तीच शेगडी हळू शिजवणारी धुरी होते. सरळ जाळ आणि आडची धग, दोन्ही एका वाडग्यात. दुकानातल्या माणसानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं.

गॅसची ग्रिल मात्र स्वयंपाक्यानं नाही, गॅसवाल्यांनी काढली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आर्कान्सा लुइझियाना गॅस कंपनीत मेल्टन लँकेस्टर आणि विल्यम वेपफर यांनी ती बनवली, गॅस जास्त खपावा म्हणून. उन्हाळ्यात घरं तापवायची नसतात, तेव्हा गॅसला गिऱ्हाईक कुठून आणायचं, हा हिशेब असणार, असा माझा तर्क. पुढे पाइप गेला, सिलिंडर आला. कोळशाचे भक्त तिला नाकं मुरडतात, पण त्यांचंही सगळं खरं नाही. नीट पेटलेला कोळसा फारसा धूर करतच नाही. भाजल्याची ती चव येते रस आणि चरबी तापलेल्या पृष्ठभागावर ठिबकून उठणाऱ्या वाफेची. म्हणून गॅसच्या ग्रिलमध्ये आधी ज्वालामुखीचे खडे घालत. १९८५ मध्ये स्टीफनच्याच कंपनीनं खडे काढून बर्नरवर उलट्या व्ही आकाराच्या पोलादी पट्ट्या बसवल्या. ठिबका पडला की तिथेच जळून वाफ होतो, उरलेला घरंगळतो. साधं घडीकाम, पण काय नेमकं! रोज संध्याकाळी कामावरून येऊन पंधरा मिनिटांत भाजायचं असेल, तर गॅसला तोड नाही. लाकडाच्या धुराची चव तेवढी मिळत नाही.

मातीचं अंडं जपानचं. तिथल्या कामादोची, म्हणजे चुलीची, भात शिजवायची जात अमेरिकी सैनिकांनी युद्धानंतर घरी नेली. अटलांटाच्या एड फिशरनं १९७४ पासून ती विकायला घेतली. जाड भिंती धग धरून ठेवतात, कोळसा थोडका लागतो. वजन मात्र असं की एकदा ठेवलं की ठेवलं. भुश्शाच्या गोळ्यांची ग्रिल ओरेगनच्या जो ट्रेगर यांची, १९८६ चं पेटंट. मळसूत्र गोळ्या पुढे ढकलतं, पंखा फुंकर मारतो, माणसानं फक्त आकडा लावायचा. फुंकणीचं काम पंखा करतो हे आईला फार आवडलं असतं. वीज गेली तर मात्र बसा.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत असे. एका रात्री वेस्ली जोन्स यांचं सांगितलं. सौ. म्हणाली, "म्हणजे तिथेही धूर एकाच्या डोळ्यांत आणि चव दुसऱ्याच्या जिभेवर." मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, इथे मीच उभा राहीन. उघड्यावर. आणि गॅरेजमध्ये कधी पेटवणार नाही." शेवटचं मीच त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. बंद खोलीत शेगडी ठेवून माणसं दगावतात, हे आपल्याकडे दर थंडीत वाचायला मिळतं. कोळशाच्या त्या वायूला ना रंग ना वास.

काळा नळा मी नको म्हटलं. दुकानातला होता त्याचा पत्रा पातळ. शिकागोच्या वाऱ्यात धग धरली नसती आणि दर अर्ध्या तासाला लाकूड घालत बसावं लागलं असतं. जाड घ्यायचा तर किंमत कित्येक पट. गॅस सौ.ला पसंत होता, मुलाला नव्हता. शेवटी झाकणाचा वाडगा आला. सगळ्यांत स्वस्तही तोच होता.

पहिल्या रविवारी मुलानं कोळसा पेटवला आणि वर हिकरीच्या ढलप्या टाकल्या. पांढरा, दाट धूर उठला, शेजारच्या कुंपणापर्यंत गेला. सौ. घरात होती. ती खिडकीतून पाहत होती ते मला दिसत होतं. मग ती बाहेर आली, वाऱ्याची दिशा पाहून वरच्या अंगाला उभी राहिली आणि म्हणाली, "लाकूड ओलं आहे का रे?"

"भिजवलंय, आई. पाकिटावर तसं लिहिलंय."

"लाकूड भिजवून कोण जाळतं? ओल्याचा धूर कडू लागतो. काढ ते. आणि खालचं तोंड उघड, जाळाला श्वास तरी घेऊ दे."

दहा मिनिटांत धूर विरळ झाला, निळसर, जेमतेम दिसण्याइतका. तिनं आतून तीन वांगी आणली, तेलाचा हात लावून निखाऱ्यांच्या कडेला ठेवली आणि स्वतः झाकण लावलं. ग्रिलबरोबर आलेला हातभर लांबीचा चिमटा तिला जड वाटला, म्हणून साताऱ्याहून बॅगेत घालून आणलेला आपला चिमटा आणायला मला आत पाठवलं.