कॉनी कॉन्व्हर्स आणि माई आत्याची वही

परवा दुपारी नातीने माझ्या कानाला हेडफोन लावला. "आजी, हे ऐक. एक बाई आणि एक गिटार, बाकी काही नाही. तुझ्या आईच्या वयाची असेल ती." मी म्हटलं, अगं, मला यातलं इंग्रजी काय कळणार! माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचते, पण सावकाश, आणि गाण्यातलं इंग्रजी तर कानावरून वाहून जातं. तर तिने सगळ्या गाण्यांचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून आणून दिले. चार दिवस तेच चाललंय.

अल्बमचं नाव 'हाऊ सॅड, हाऊ लव्हली'. किती उदास, किती सुंदर. गाणारी कॉनी कॉन्व्हर्स. गाणी तिची, चाली तिच्या, गिटारही तीच वाजवते. गाणी 1950 च्या दशकातली, अल्बम निघाला 2009 साली. मध्ये पन्नासहून अधिक वर्षं गेली, आणि तो निघाला तेव्हा बाईचा कुठेच पत्ता नव्हता. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे मला अशा मधल्या रिकाम्या जागा दिसल्या की चैन पडत नाही. शिवाय ऐकताना आमची माई आत्या सारखी आठवत राहिली. तिच्याविषयी शेवटी लिहिते, नात्यातल्या मंडळींनी तेवढं जरूर वाचावं.

आवाज साधा आहे. घरात काम करता करता गावं तसा. मागे टेपची खरखर. एका गाण्यात ती दोन डोंगरांमधल्या एकाकी जागी राहते, तो माणूस सोडून गेलाय, पण ती म्हणते मला सोबतीची गरजच नाही. का, तर दाराशी वाहणारा ओहोळ त्याच्यासारखाच अखंड बडबडतो, झाडावरची खार दोघांच्या भांडणाची नक्कल करते, आणि डुकरं त्याच्यासारखीच जेवायला हजर होतात! मी मोठ्याने हसले. आणि मग लक्षात आलं की जिला इतकं सगळीकडे तोच ऐकू येतो, ती किती एकटी असेल. दुसऱ्या एका गाण्यात माणसं रात्री अंधारात फिरताहेत, पण प्रेमिकांसारखी जोडीने नाही, एकेकटी. कुणाचा तरी हात हातात असता तर, एवढंच तिचं मागणं. त्यात रडारड नाही. आपल्याकडच्या विरहगीतांची सवय असलेल्यांना हे कोरडं वाटेल. मलाही पहिल्या दिवशी वाटलं होतं.

तिचं खरं नाव एलिझाबेथ ईटन कॉन्व्हर्स. जन्म 3 ऑगस्ट 1924, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशर राज्यात. वडील बाप्टिस्ट धर्मोपदेशक, घर कडक. मुलगी शाळेत पहिली. शिष्यवृत्ती मिळवून माउंट होल्योक या मुलींच्या नामांकित कॉलेजात गेली, आणि दोन वर्षांनी कॉलेज सोडून थेट न्यूयॉर्कला! पोटासाठी छापखान्यात नोकरी धरली, ग्रीनिच व्हिलेजमध्ये राहिली, 'कॉनी' हे नाव घेतलं आणि गाणी रचू लागली. घरी हे पटलं नाही. वडिलांनी शेवटपर्यंत तिचं गाणं ऐकलंच नाही असं सांगतात. हे वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्याही घरांतून असे वडील होते, त्यासाठी अमेरिकेला जायला नको.

आता काळ बघा. त्या वेळी गाणारे वेगळे आणि लिहिणारे वेगळे अशीच बहुधा रीत. लोकगीतांची लाट होती, पण त्यात जुनी, परंपरेने आलेली गाणी गात. स्वतःच्या मनातलं स्वतः लिहून गिटारवर गायचं ही चाल रूढ झाली ती 1960 नंतर. कॉनीला बसायला खणच नव्हता. कंपन्यांना तिचं काय करावं ते कळलं नसणार.

मग तिचा आवाज उरला कसा? तर जीन डाइच नावाच्या एका माणसामुळे. हा व्यंगचित्रपट करणारा. याचा जन्मही 1924 चा, आणि तारीख 8 ऑगस्ट, म्हणजे दोघांत पाच दिवसांचं अंतर. त्याला आवाज टिपून ठेवायचा नाद होता. 1949 साली जॉन ली हूकर या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं गाणंही त्याने असंच टेपवर घेतलं होतं. न्यूयॉर्कजवळ हेस्टिंग्ज-ऑन-हडसनला त्याच्या घरी मित्रमंडळी जमत. एक मित्र 1954 साली कॉनीला घेऊन आला. ती गायली, याने टेप चालू केला. एवढीच ती गोष्ट.

त्याच्याच खटपटीने त्या वर्षी ती सीबीएसच्या सकाळच्या कार्यक्रमात, वॉल्टर क्रॉन्काइटसमोर, टीव्हीवर गायली. पुढे काही झालं नाही. 1961 साली तिने न्यूयॉर्क सोडलं. त्याच वर्षी जानेवारीत बॉब डिलन तिथे येऊन पोचला होता, आणि दोनतीन वर्षांत स्वतःची गाणी स्वतः गाणाऱ्यांचे दिवस आले. या योगायोगाचं लोक फार कौतुक करतात. मी मुलांना नेहमी सांगत असे की इतिहासात 'जर' लिहू नये. पण लिहावंसं वाटतं खरं.

ती गेली मिशिगनमधल्या ॲन आर्बरला, भावाकडे. भाऊ फिलिप तिथे राज्यशास्त्राचा प्राध्यापक, पुढे फार नावाजला. कॉनी आधी कारकुनी कामाला लागली, मग 1963 साली 'जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रेझोल्यूशन' या नियतकालिकाची व्यवस्थापकीय संपादक झाली. संघर्ष आणि युद्धं कशी मिटवावीत याचा अभ्यास करणारं हे नियतकालिक. तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण ही वर्षं दोन ओळींत उरकतात, जणू गाणं सुटलं म्हणजे बाई संपलीच. मला हे पटत नाही. पदवी नसलेली बाई विद्वानांचे लेख तपासते, अंक वेळेवर काढते, हे काय थोडं आहे? तिचा त्या कामात जीव होता. 1972 च्या अखेरीस ते नियतकालिक तिला न विचारता येल विद्यापीठाकडे गेलं, तेव्हा ती खचली. सहकाऱ्यांनी वर्गणी काढून तिला सहा महिने इंग्लंडला पाठवलं. पण परत आली ती तशीच.

ऑगस्ट 1974. नुकतीच पन्नाशी पूर्ण झालेली. तिने घरच्यांना आणि मित्रांना पत्रं लिहिली, नव्याने आयुष्य सुरू करायचंय असा त्यांचा सूर. सामान फोक्सवॅगन बीटल गाडीत भरलं आणि निघून गेली. ती पुन्हा कोणाला दिसली नाही. गाडीही सापडली नाही. दहाएक वर्षांनी घरच्यांनी खाजगी गुप्तहेर लावायचं ठरवलं, तर त्यानेच सांगितलं की शोध लागला तरी नाहीसं होणं हा तिचा हक्क आहे. आज तिच्यावर लिहिणारे या गूढाभोवतीच घिरट्या घालतात. मी नातीला म्हटलं, ती कुठे गेली हे तिने कोणाला सांगितलं नाही, तर आपणही विचारू नये. गाणी मात्र तिने दिलीत, ती ऐकावीत.

2004 साली डाइच न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएनवायसी रेडिओवर आला. तोवर तो प्रागला स्थायिक झाला होता, तिथेच त्याने 'टॉम अँड जेरी'चे तेरा भाग केले होते (नातवंडांनो, ते विचित्र आवाजांचे भाग, तुम्हाला माहीत असतील). आपल्या जुन्या टेपांतलं कॉनीचं एक गाणं त्याने तिथे वाजवून दाखवलं. डॅन झुला नावाच्या एका तरुणाने ते ऐकलं. त्याने मित्राला, डेव्हिड हर्मनला, बरोबर घेऊन आणखी गाणी शोधली. काही डाइचकडे प्रागला मिळाली, काही फिलिपकडे ॲन आर्बरला. बहिणीने स्वतः टेप करून दिलेली गाणी आणि तिची नीट लावलेली कागदपत्रं भावाने इतकी वर्षं जपून ठेवली होती. 2009 मध्ये सतरा गाण्यांचा अल्बम निघाला. 2014 साली फिलिप गेला, 2020 मध्ये डाइच गेला. हॉवर्ड फिशमन यांनी लिहिलेलं कॉनीचं चरित्र 2023 साली आलं.

आता माई आत्या. जुन्या मंडळींना ती आठवत असेल. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली आणि कऱ्हाडच्या घरात स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढ्यातच राहिली. ती गाणी करायची. देवाची नव्हेत. गेलेल्या नवऱ्याची, आणि एकदोन अशी, की आम्ही पोरी आत गेलो की गप्प व्हायची. आजोबांच्या समोर कधी गायली नाही. 1979 साली यांनी कॅसेटचा टेपरेकॉर्डर आणला. माझ्या शाळेच्या गॅदरिंगची गाणी मी त्यावर घेत असे. दिवाळीला माहेरी नेला तेव्हा माईने दोनदा विचारलं, "अगं, यात माझं एक घेशील का?" मी म्हटलं, कोरी कॅसेट नाहीये, मे महिन्यात घेऊ. कॅसेट होती. त्यावर शाळेचं स्वागतगीत होतं आणि ते मला पुसायचं नव्हतं. मे महिन्यात पाहुण्यांच्या गर्दीत राहून गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

परवा नातीने मला माईची चाल गुणगुणायला लावली आणि मोबाईलवर घेतली. तीन वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी दुसऱ्या ओळीनंतर मी भलत्याच भजनात शिरते.

माईची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, वाण्याच्या हिशेबाच्या वहीसारखी लांबट. वहिनी म्हणायच्या की ती माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहे. 1996 ला घर विकलं तेव्हा भांडी आणि ट्रंका वाटून गेल्या. ती ट्रंक कोणाकडे गेली ते कोणाला आठवत असेल, तर कृपा करून उघडून बघा आणि मला फोन करा. नंबर जुनाच आहे.