पाणवठा आणि इंटरनेट

२० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं सर्वांना खुलं, असा ठराव आधीच झाला होता. अंमल मात्र नव्हता. आमच्या घरात समतेचा धडा या ओंजळीपासूनच सुरू होतो. म्हणून एप्रिल २०१५ मध्ये मी मोबाइलवर अंगठ्याने टाइप करत इंटरनेट सर्वांना सारखंच खुलं राहावं, असा ईमेल दूरसंचार नियामक ‘ट्राय’ला धाडला. असे दहा लाखांहून अधिक ईमेल गेले. ठरावीक साइट फुकट आणि बाकीच्या साइटना पैसे, ही मोबाइल कंपन्यांची योजना गरिबाला सवलत नव्हती. त्याच्यासाठी वेगळा पाणवठा होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ‘ट्राय’ने हा दरभेद बंद केला; नियम मोडल्यास दिवसाला ५०,००० रुपये दंड. पण नुसता ठराव पुरत नाही, हे महाडने शिकवलंय. राखण आपणच करायची.