पालवणकर, बाळू

(१८७६–४ जुलै १९५५). भारतातील एक आद्य श्रेष्ठ गोलंदाज. क्रिकेटच्या मैदानावर प्रथम वेतनावर राबलेला सेवक म्हणून आणि नंतर खेळाडू म्हणून त्यांनी नाव मिळविले. पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातील पालवण गावचे. ह्या गावावरूनच त्यांचे आडनाव पडले. बाळूंचा जन्म धारवाड येथे चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या सेवेत असल्यामुळे त्यांचे बालपण पुण्याच्या लष्करी परिसरात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व धाकटे बंधू शिवराम क्रिकेट खेळावयास शिकले.

पुण्यातील एका पारशी क्रिकेट संघाच्या मैदानाची निगा राखण्याचे काम त्यांना प्रथम मिळाले. त्याचे वेतन दरमहा ३ रुपये होते. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये दरमहा ४ रुपयांवर रुजू झाले. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, रेषा आखणे, सरावाची जाळी उभारणे आणि सदस्यांना सरावासाठी गोलंदाजी करणे, ही त्यांची कामे होती. डाव्या हाताने मंद गतीची, चेंडूला दोन्ही बाजूंना वळण देणारी त्यांची गोलंदाजी येथेच सिद्ध झाली. हँपशरकडून खेळणारे कॅप्टन जे. जी. ग्रेग हे तासन्‌तास त्यांच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचा ग्रेग यांचा परिपाठ होता, असे सांगितले जाते. मात्र फलंदाजीचा सराव करण्याची मुभा बाळूंना नव्हती.

इंग्लंडमध्ये त्या काळी हौशी ‘सद्‌गृहस्थ’ व वेतन घेणारे धंदेवाईक असे खेळाडूंचे दोन वर्ग होते. कर्णधारपद बहुधा हौशी खेळाडूंकडेच राही. हा भेद तेथे १९६२ मध्ये रद्द झाला. तथापि तेथील धंदेवाईक खेळाडू परगण्याच्या संघात नियमितपणे खेळत असे व त्यास खेळाबद्दलच मोबदला मिळे. बाळूंना वेतन मिळे ते मैदानावरील सेवेबद्दल. संघात स्थान मिळण्याच्या आड त्यांचा वर्ग तर येईच, शिवाय जातही येई.

पुण्यातील हिंदू संघाने त्यांना खेळवावे की नाही, ह्याविषयी वाद झाला. सनातनी सदस्यांचा विरोध होता. पण विजयाची आकांक्षा प्रबळ ठरली आणि बाळूंना संघात घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा. परंतु विश्रांतीच्या वेळी बाळूंना चहा मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रात द्यावा, अशी व्यवस्था होती. पुढे संघाची सरशी होऊ लागली, तसे हे निर्बंध हळूहळू शिथिल झाले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईस गेले. तेथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यातर्फे खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. राज्यकर्त्यांवर मिळविलेला हा विजय स्वदेशीच्या चळवळीच्या काळात विशेष गाजला. ह्या विजयात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

१९११ मध्ये पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी एकंदरीत निराशाजनक झाली. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांपैकी लेस्टरशर व सॉमरसेट यांविरुद्धचे दोनच सामने त्यास जिंकता आले. बाळूंनी मात्र दौऱ्यात शंभरांहून अधिक बळी घेतले. त्यांपैकी ७५ बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. त्या वेळी ते पस्तिशीचे होते.

एवढ्या कर्तृत्वानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. १९१३ मधील कर्णधार एम. डी. पै यांनी, हा मान ज्येष्ठ व अनुभवी अशा बाळूंचा होता, असे जाहीरपणे सांगितले. १९२० च्या चौरंगी सामन्यांच्या वेळी बाळूंना संघातून वगळण्यात आले. त्याच्या निषेधार्थ शिवराम व विठ्ठल हे त्यांचे बंधू संघाबाहेर राहिले. पुढील सामन्यासाठी तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधारपद देण्यात आले. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. ज्येष्ठ बंधूस नाकारलेला मान कनिष्ठास मिळाला. विठ्ठल यांच्या माझे क्रीडा-जीवन (१९४८) ह्या आत्मचरित्रातून ह्या संघर्षाची माहिती मिळते.

मैदानावरील चहाच्या पात्राचा प्रश्न हा अस्पृश्यांच्या व्यापक प्रश्नाचाच एक भाग होता. कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून सार्वजनिक पाणवठ्यावरील हक्क बजावला. बाळूंनी मात्र वेगळा मार्ग पतकरला. हिंदू समाजात राहून व काँग्रेसच्या सहकार्याने सुधारणा घडवून आणाव्यात, ह्या मताचे ते होते. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५, तर बाळूंना ११,२२५ मते पडली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चवदार तळ्यावरील अस्पृश्यांचा हक्क मान्य केला.

प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत बाळूंनी सरासरी १५·२१ धावांना एक याप्रमाणे १७९ बळी घेतले. एका डावात १०३ धावांत ८ बळी ही त्यांची सर्वोत्कृष्ट कामगिरी होय. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये लॉर्ड्‌‌सवर खेळला. त्या वेळी त्यांची उमेद सरली होती. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या नामावळीत त्यांचे नाव नाही. संघ जिंकावा म्हणून त्यांना बोलावणे ज्यांना भाग पडले, त्यांना पुढे त्यांच्याबरोबर बसून चहा घेणेही भाग पडले. कायद्याने अस्पृश्यता नष्ट होण्यापूर्वीच क्रिकेटच्या मैदानावर हा बदल सुरू झाला, हे त्यांच्या कारकीर्दीचे ऐतिहासिक महत्त्व होय. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.